रेती ओली की लोखंड गार

आमच्या फाउंड्रीच्या दुसऱ्या कारखान्याचे उद्घाटन झाले, तेव्हा मालकांनी केलेले भाषण मी पहिल्या रांगेत बसून ऐकले. त्या भाषणात फाटकाजवळच्या काळ्या फळ्यासंबंधी जी काही वाक्ये होती, त्यांपैकी एकही मला मान्य नाही. मालक म्हणाले, "कामगारांच्या डोक्यातले ज्ञान कारखान्याचे कसे करावे, हे आम्ही इथे सर्वांच्या आधी ओळखले. संगणक आणला, पुण्याहून सल्लागार बोलावले, फळा बोलता केला, आणि खराब माल कमी होत गेला." माझा उल्लेख 'ज्येष्ठ सहकारी' असा एकदाच झाला. तोही आभारप्रदर्शनात, मांडववाल्याच्या आधी.

नंतर पंगतीत भट्टीचे मिस्त्री माझ्या शेजारी येऊन बसले. शिवाजी पेठेतले, माझ्याच वयाचे. आवाज असा की भट्टीच्या घरघरीतही त्यांना एक वाक्य कधी दुसऱ्यांदा बोलावे लागले नाही. त्यांनी रश्श्याची वाटी तोंडाला लावली, खाली ठेवली आणि साऱ्या पंगतीला ऐकू जाईल अशा बेताने सांगितले, "संगणक न्हाय आनि फिंगणक न्हाय. सायेब फळ्यावर चुकीचं लिवायचं, आनि आमी ते खोडून काढायचो. एवडंच झालं. सायेब चुकलं नसतं तर कारखाना बसला असता की!"

पंगत हसली. मी हसलो नाही. मी म्हणालो, "मी जे चुकीचे लिहिले, ते जाणूनबुजून लिहिले. तुम्ही बोलते व्हावे म्हणून."

"व्हय, व्हय," मिस्त्री म्हणाले, "वाढा सायबास्नी अजून रस्सा."

हे तिसरे कथन, म्हणजे माझे, हेच खरे आहे असे मी निवृत्तीपासून सांगत आलो होतो. आज ते लिहिताना लेखणी अडखळते, आणि ती का अडखळते हे शोधण्यासाठीच मी लिहायला बसलो आहे. मालकांचे कथन खोटे आहे याबद्दल मात्र मला शंका नाही. तेवढे आधीच नोंदवून ठेवतो.

त्या दिवशी हात धुण्याच्या नळापाशी माझ्यानंतर गुणवत्ता विभाग सांभाळणाऱ्या बाई माझी वाट पाहत उभ्या होत्या. मुरगूडच्या, अभियांत्रिकी शिकलेल्या, मोजके बोलणाऱ्या. त्यांनी पंगतीतले सगळे ऐकले होते.

"सर, मालक म्हणतात ते सगळं करून झालं," त्या म्हणाल्या. "फॉर्म, संगणक, बक्षिसं. फळासुद्धा रोज लिहिते. कोणी एक शब्द बोलत नाही. मिस्त्री म्हणतात त्यावर विश्वास ठेवायचा तर मला करण्यासारखं काही उरत नाही. तुमचं तेवढं ऐकायचं राहिलंय."

"घाई कसली आहे?"

"दिवाळीपर्यंत फळा बोलता झाला नाही तर विभाग सल्लागारांच्या माणसांकडे जाणार, आणि मी भांडारात. भांडारात गेलेला इंजिनियर परत वर आलेला तुम्ही कधी पाहिलाय का, सर?"

मी पाहिलेला नव्हता. रविवारी घरी या, असे मी त्यांना सांगितले.

आता मूळ हकिकत. नव्वदच्या दशकाचा उत्तरार्ध होता. आम्ही लोखंड वितळवून पंपांची कवचे आणि गाड्यांचे ब्रेक ड्रम ओतत असू. मोठ्या गिऱ्हाइकांनी अट घातली होती, की तुमच्याकडे काय बिघडते आणि ते कसे दुरुस्त होते याचे ज्ञान एखाद्या माणसाबरोबर घरी जाता कामा नये. ते कारखान्यात राहिले पाहिजे. अट रास्त होती. आमच्याकडे तोवर एखादा साचेवाला निवृत्त झाला, की नारळ, फेटा आणि त्याच्या हाताची सारी अक्कल अशा तिन्ही गोष्टी एकाच रिक्षातून त्याच्या घरी जात.

मालकांनी पुण्याहून सल्लागार आणले. गृहस्थ हुशार होते, हे मी नाकारत नाही. ज्ञान दोन जातींचे असते, बोलके आणि मुके, आणि मुक्याला बोलके करणे हे व्यवस्थापनाचे काम, असे त्यांनी आम्हाला पडद्यावर चित्रे दाखवून समजावले. मग त्यांनी एक फॉर्म छापला. काय घडले, का घडले, काय केले, काय शिकलो, असे चार रकाने. भरलेले फॉर्म काचेच्या खोलीत जायचे, तिथे एक वयस्क कारकून ते संगणकावर चढवायचे. त्या खोलीत संगणकासाठी गार हवेचे यंत्र बसवले होते. फॉर्म देण्याच्या निमित्ताने भट्टीवाले तिथे येऊन घटकाभर घाम वाळवत. फॉर्मवर मात्र 'काही नाही', 'वरीलप्रमाणे' आणि एका जागी 'मुकादमाला विचारा' एवढेच असायचे.

मी एका साचेवाल्याला, कोडोलीच्या एका धिप्पाड गृहस्थांना, स्पष्टच विचारले होते की लिहीत का नाही.

"काय लिवायचं सायेब?" ते म्हणाले. "माझा माल बाद झाला, आनि माझ्याच सहीनं मी सांगायचं का बाद झाला ते? चीत झालेल्या पैलवानानं सोताच हलगी वाजवायची व्हय?"

आमच्या कारखान्यात दोन तट होते, हे इथे सांगितले पाहिजे. रेतीचे साचे करणारे बहुतेक कोडोलीकडून सकाळच्या एसटीने येत. भट्टीवर लोखंड वितळवणारे बहुतेक शिवाजी पेठेतले. ओतलेल्या मालात पोकळ भोके निघाली, की साचेवाले म्हणत लोखंड गार होते, आणि भट्टीवाले म्हणत रेती ओली होती. दोन्ही कारणांनी भोके पडतात. तेव्हा दोघेही खोटे ठरत नसत आणि दोघांनाही पुढे काही शोधावे लागत नसे.

बाद झालेला माल पुन्हा वितळवण्यापूर्वी फाटकाजवळच्या दगडी कट्ट्यावर टाकायची रीत होती. त्या कट्ट्यामागे भिंतीवर एक काळा फळा होता. त्यावर जादा कामाच्या सूचना लिहीत. एका सकाळी पाळी सुरू होण्याआधी मी कट्ट्यावर आलो. तिथे पंपाचे एक कवच पडले होते, एका बाजूला चाळणीसारखे. मी खडू घेतला, आदल्या दिवसाची सूचना पुसली आणि लिहिले: 'पंपाचे कवच बाद. कारण: लोखंड गार.' खाली सही केली.

मी हे का लिहिले, हाच सगळा प्रश्न आहे. पुढे काय झाले ते आधी सांगतो, कारण तेवढ्याबद्दल कोणाचा वाद नाही.

मिस्त्री सायकल हातात धरून फाटकातून आत आले आणि तिथेच थांबले.

"कुनी लिवलं हे?"

"मी."

"लोकंड गार? माजं?"

"सही आहे खाली."

"सायेब, तुमच्या घरातला चा गार आसंल. माजं लोकंड गार म्हंजे काय? रेती बगा की ह्या कोडोलीकरांची! पिळली तर घोटभर पानी निगंल!"

एसटीतून उतरलेले साचेवाले तोवर येऊन पोहोचले होते. धिप्पाड गृहस्थांनी डबा कट्ट्यावर आपटला. "मिस्त्री, रेतीचं नाव काढायचं न्हाय. सकाळच्याला मुठीत दाबून बगितल्याबिगर मी साचा भरत न्हाय."

"मूठ तुमची, रेती तुमची, आनि निकाल बी तुमचाच!"

"मग फोडून बगूया की! फोडू?"

"फोडा!"

कोणीतरी घण आणला. कवच फुटले, आणि दोन्ही तटांची डोकी त्याच्यावर वाकली. भोके सर्वत्र नव्हती. साच्याच्या आत जो रेतीचा गाभा अधांतरी बसवतात, त्याला खालून टेकू म्हणून लोखंडाचे छोटे खुंट लावतात. भोके नेमकी त्या खुंटांभोवती गोळा झाली होती, आणि खुंट गंजलेले होते. गंजावर वितळलेले लोखंड पडले, की तिथे वायू सुटतो.

"खुंट कुठं ठेवतासा?" मिस्त्रींनी हळूच विचारले.

"तुमच्याच भट्टीमागं. पत्रा गळतोय तितं."

यात दोन्ही तट दोषी सापडले होते: खुंट साचेवाल्यांचे, गळका पत्रा भट्टीवाल्यांचा. ना रेती ओली होती, ना लोखंड गार होते. काचेच्या खोलीतले कारकून आरडाओरडा ऐकून बाहेर आले होते. त्यांनी आत जाऊन फॉर्मचे चारही रकाने स्वतःच भरले. संगणकात गेलेला तो पहिला खरा मजकूर. खुंट त्याच दिवशी कोरड्या पेटीत गेले, आणि पुढे त्या खुंटांवरून माल बाद झाल्याचे मला आठवत नाही.

त्यानंतर मी रोज लिहू लागलो. कधी रेतीला दोष दिला, कधी लोखंडाला, कधी ओतणाऱ्याच्या हाताला. ज्याला दोष दिला तो तट धावून यायचा. दुसरा तट मजा बघायला थांबायचा आणि मजा बघता बघता त्यात ओढला जायचा. सोमवारी सकाळी पेठेतल्या फुटबॉलचा वाद आणि फळ्याचा वाद एकमेकांत मिसळत, आणि गोल कोणाचा आणि भोक कोणाचे हे बाहेरच्या माणसाला कळत नसे. लोक भोंग्याच्या आधी येऊ लागले. फुकट. सल्लागार एकदा येऊन पाहून गेले आणि त्यांनी अहवालात हे सारे आपल्या फॉर्मचे यश म्हणून लिहिले. मालकांचे भाषण त्या अहवालातून आलेले आहे. इतकी वर्षे झाली, मला अजून ते गोड लागलेले नाही.

रविवारी बाई आल्या. मी त्यांना हे सर्व सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि एकच प्रश्न विचारला.

"सर, तुम्ही मुद्दाम चुकीचं लिहायचात का?"

"अर्थात," मी म्हणालो. "आपल्याकडे एखाद्याला 'हे कसे करावे' असे विचारा, तो म्हणेल बघू नंतर. त्याच्यासमोर तेच चुकीचे करून दाखवा, रस्त्याने जाणारा माणूसही सायकल लावून शिकवायला येईल. हा मनुष्यस्वभाव मी ओळखला होता."

चहाचा ट्रे घेऊन आलेली माझी पत्नी तिथेच थांबली. "इतक्या वर्षांच्या संसारात," ती बाईंना म्हणाली, "हे मुद्दाम चुकलेले मी तरी पाहिलेले नाहीत हो."

मला हे वाक्य तेव्हा स्तुतीसारखे वाटले. बाईंनी माझ्याकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले आणि चहा घेतला. जाताना म्हणाल्या, "करून बघते, सर."

आठवडाभरात त्यांचा फोन आला. त्यांनी माझ्या सांगण्याप्रमाणे केले होते. एका ब्रेक ड्रममध्ये लोखंड आकसल्याने पोकळी राहिली होती, हे प्रयोगशाळेच्या अहवालावरून त्यांना पक्के ठाऊक होते. त्यांनी फळ्यावर लिहिले, 'रेती ओली.' साचेवाले आले, त्यांनी वाचले, आणि एकाने फळ्याकडे न बघता बाईंच्या तोंडाकडे बघितले.

"मॅडम, परीक्षा घेतासा व्हय? चूक की बरोबर ते लिवा?"

सगळे हसले आणि आपापल्या कामाला गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुसरी चूक लिहिली. त्या दिवशी कोणी हसलेही नाही. तिसऱ्या दिवशी कोणीतरी फळ्याखाली खडूने लिहून ठेवले होते, 'उत्तर क्रमांक ब.'

"सर," बाई फोनवर म्हणाल्या, "तुमचं त्यांना कसं कळलं नाही?"

मी म्हणालो की मी अधिक सफाईने लिहीत असे. फोन ठेवला. आणि तेव्हापासून माझा गोंधळ सुरू झाला, तो आजतागायत आहे.

पहिल्या दिवशी खडू खाली ठेवताना मी मनाशी हसलो होतो, हे मला स्वच्छ आठवते. पण ते हसू मला कोठून दिसते? आरशातून पाहावे तसे समोरून दिसते. स्वतःचे हसू माणसाला समोरून कसे आठवेल? आणि त्याच सकाळी, ते कवच हातात घेतल्यावर, 'हा गार लोखंडाचाच प्रकार' असा एक विचार माझ्या मनात आल्याचेही मला आठवते. दोन्ही आठवणी सारख्याच ठळक आहेत. लोखंड गार नाही हे ठाऊक असूनही मी तसे लिहिले असेल, तर खरे कारण मला ठाऊक असायला हवे होते. मग खुंटांचे नाव मी घण पडण्याआधी का घेतले नाही? त्यांनी स्वतः शोधावे म्हणून? असेल. मी तसा दूरदर्शी होतो. पण खुंट बाहेर पडला तेव्हा मला आश्चर्य वाटले होते, हीही एक आठवण आहे, आणि ती या बाकीच्यांशी जुळत नाही.

शेवटी मी मिस्त्रींकडे गेलो. त्यांच्याकडे मी पूर्वी कधी गेलो नव्हतो. ते तालमीबाहेरच्या कट्ट्यावर बसले होते. मला पाहून सरकले आणि जागा केली.

"मिस्त्री, एक सरळ उत्तर द्या. मी मुद्दाम चुकत होतो, हे तुम्हाला का पटत नाही?"

"आवं, मुद्दाम चुकनारा मानूस भांडत न्हाय," ते म्हणाले. "तुमी गळ्याच्या शिरा तानून भांडायचासा. मी खोडून काडलं की चार-चार दिस माज्याशी बोलायचा न्हायसा. खोटं हाय?"

"ते नाटक होते."

"मग लई मोठं नट हायसा तुमी. आनि खुंटाचं निगालं तवा तोंड का पडलं हुतं?"

"पडले नव्हते."

"पडलं हुतं. समदी म्हनत हुती." त्यांनी तंबाखू झटकली. "सायेब, राग मानू नका. खोटं चुकलेलं आमाला कळतंय. फुटबॉलमधी पायात पाय आडकल्याचं सोंग करून खाली पडनारा आमी पेठेत लांबनं वळकतो. तुमी मनापासनं चुकत हुतासा. तसलं चुकायला हिंमत लागती. ती बाई हुशार हाय, तिला त्ये जमायचं न्हाय."

ही माझी स्तुती झाली की अपमान, याचा विचार करीत मी घरापर्यंत चालत आलो. निर्णय झाला नाही. मिस्त्री म्हणतात तसे असेल, तर त्या बाईंना देण्यासारखे माझ्याजवळ काहीच नव्हते. माझ्यासारखा एक चुकणारा, हट्टी माणूस नेमा, असे दिवाळीपूर्वी मालकांना कळवणे एवढेच उरत होते.

दुसऱ्या सकाळी मी पाळीच्या आधी कारखान्यात गेलो. जुनाच कारखाना, तोच कट्टा. पण भट्टीवरची मुले नवी होती. बाई फळ्यासमोर उभ्या होत्या, हातात खडू, फळा कोरा. कट्ट्यावर एक ब्रेक ड्रम होता, कडेला भोके पडलेला.

"याचं काय लिहिणार?" मी विचारले.

"काही नाही, सर. लॅबचा अहवाल दुपारी येईल. आत्ता मला काय माहीत?"

मी ड्रम फिरवून पाहिला. "माहीत व्हायला काय पाहिजे? दिसते आहे की. लोखंड गार होते."

"खात्री आहे?"

"बाई, मी या कट्ट्यावर आयुष्य काढले आहे."

त्यांनी खडू माझ्यापुढे धरला, आणि मग मध्येच मागे घेतला. "सर, तुम्ही अहवाल बघून लिहायचात की आधी?"

"आधी. पाळीच्या आधी. दुपारपर्यंत थांबायला मी कारकून होतो का?"

त्या खडूकडे बघत राहिल्या, जणू त्यावर काही लिहिलेले होते. मग तो त्यांनी माझ्या हातात दिला. मी लिहिले, 'ब्रेक ड्रम बाद. कारण: लोखंड गार.' खाली सही केली.

पहिला भट्टीवाला मोटरसायकल ढकलत आत आला. त्याने वाचले. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले.

"पावणं, तुमी कोन?"

ज्या फाटकातून मी इतकी वर्षे आत येत होतो, तिथे मला पावणं म्हणणारा माणूस भेटावा, हे मला अपेक्षित नव्हते. मी म्हणालो, "ज्याची सही आहे तो."

"आमच्या भट्टीवर लिवायला तुमास्नी कुनी सांगितलं? लोकंड गार म्हनं! कालचं तापमान लिवून ठेवलंय मी, या दावतो!"

"तापमान भट्टीत घेतले की ओतताना? भट्टी ते साचा एवढ्या वाटेत निम्मी ऊब जाते!"

"निम्मी? वाटंत काय आमी चा प्याला बसतोय व्हय?"

"बसत असाल!"

"ओ मॅडम, ह्या पावण्यास्नी आवरा!"

साचेवाले आले. कोणीतरी रेतीचे नाव काढले. त्यावर उसळलेला साचेवाला कोडोलीचा होता, बहुधा त्या धिप्पाड गृहस्थांचाच पुतण्या, कारण डबा त्याने तसाच आपटला. मी कोणाचे ऐकत नव्हतो. माझ्या कानांत रक्त चढले होते आणि मी हे खरेच भांडत आहे की त्या बाईंसाठी भांडत आहे, हे मला त्या क्षणी विचारले असते तर सांगता आले नसते. घण आला. ड्रम फुटला. बाई त्या गर्दीत शिरल्या आणि भोंगा होईपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

दुपारी अहवाल आला. रेतीत ओलावा जास्त, असे त्यात होते.

दुसऱ्या सकाळी बाईंनी अहवालाची वाट पाहिली नाही. पाळीच्या आधी कट्ट्यावर आल्या, बाद माल हातात घेऊन पाहिला, त्यांना जे वाटले ते लिहिले आणि खाली आपले नाव घातले. हे मला त्यांनी फोनवर सांगितले, आणि त्यांचा आवाज इतका बसला होता की प्रथम मी ओळखलाच नाही.

"चुकलं का?" मी विचारले.

"साफ चुकलं, सर. सगळ्या भट्टीनं मिळून सांगितलं. एक जण म्हणाला, 'मॅडम, तुमी बी त्या पावण्यावानी चुकाय लागलासा!' मग मीही आवाज चढवला. कारण अजून कोणालाच सापडलेलं नाही. उद्या पुन्हा फोडणार आहेत." मग त्या म्हणाल्या, "मिस्त्री सगळीकडे सांगत होते, मला जमणार नाही."

दिवाळीच्या सुमारास गिऱ्हाइकाची माणसे तपासणी करून गेली. बाई गुणवत्ता विभागातच राहिल्या. मालकांच्या बैठकीत त्यांनी या सगळ्याचा खुलासा केला, असे नंतर मला कळले. त्या म्हणाल्या, की सर मुद्दाम चुकत नव्हते आणि उगाच चुकतही नव्हते; कोणालाच काही कळलेले नसते अशा वेळी ते स्वतःच्या नावाने लिहीत, आणि अहवाल आल्यावर लिहिले, की त्यात इतरांना करण्यासारखे काही उरत नाही.

मालकांच्या कथनापेक्षा हे कथन सभ्य आहे. मिस्त्रींच्यापेक्षा विद्वत्तापूर्ण आहे. कदाचित ते बरोबरही असेल. मी त्यावर बरेच दिवस विचार केला आणि कधी ते पटते, कधी पटत नाही. पण एक शब्द मला मुळीच मान्य नाही. कोणालाच कळलेले नसते, असे त्या म्हणाल्या. मला कळलेले असायचे. त्या ब्रेक ड्रमचेच घ्या. प्रयोगशाळेने तपासलेली रेती सकाळच्या ढिगातली होती, आणि ड्रम आदल्या संध्याकाळी ओतलेला होता. हे मी त्यांना आज फोनवर सांगितले. त्या म्हणाल्या, "सर, मग या की उद्या. फळ्यावर लिहा."

उद्या मी जाणार आहे. ते लोखंड गारच होते.